पुण्यात बर्फ पडला तर

शहरात वापरायला गाडी घ्यायची ठरली की माणूस मनाने ताबडतोब घाटात जातो. रोजचा रस्ता सिंहगड रोड ते शिवाजीनगर, तोही निम्मा पहिल्या गिअरमध्ये. पण शोरूमची पायरी चढताच त्याला ताम्हिणी दिसायला लागतो. धुकं, चिखल, अंगावर येणारा चढ, त्या चढावर खोळंबलेली जनता आणि तिच्या शेजारून शांतपणे वर चाललेली आपली गाडी. माझे दाजी सध्या या अवस्थेत आहेत. व्यवसाय कर सल्लागाराचा, वय निवृत्तीचं, हौस कॉलेजातली. त्यांना ऑल-व्हील ड्राइव्ह हवी आहे. लहान, गल्लीत वळणारी, पण चारही चाकांना जोर असलेली.

“कशाला?” ताई विचारते.

“असलेली बरी.”

या दोन शब्दांच्या भरवशावर आमच्या पिढीने घराघरांतले माळे भरून ठेवले आहेत, त्यामुळे ताई पुढे काही बोलली नाही. पोळ्या लाटायला लागली. ते बोलण्याहून वाईट असतं.

दाजी गाडीकडे आधी सरकारच्या नजरेने बघतात. त्यांच्यामुळेच मला कळलं की आपल्याकडच्या छोट्या गाडीची लांबी इंजिनिअरने नाही, अर्थमंत्र्यांनी ठरवली आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं आणि तेव्हापासून गाड्यांच्या शेपट्या छाटल्या जाऊ लागल्या. कितीतरी गाड्यांची लांबी नेमकी ३,९९५ मिलिमीटर का असते, याचं उत्तर यंत्रशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. पुढे २०२२ च्या डिसेंबरात जीएसटी परिषदेने एसयूव्ही कशाला म्हणायचं हे स्पष्ट केलं. इंजिन १५०० सीसीच्या वर, लांबी चार मीटरच्या वर, जमिनीपासून पोटापर्यंतचं अंतर १७० मिलिमीटर किंवा जास्त, आणि लोकांमध्ये ती गाडी एसयूव्ही म्हणून ओळखली जात असली पाहिजे. ही शेवटची अट दाजींनी मला चष्मा पुसून पुन्हा वाचून दाखवली. म्हणजे सोसायटीतल्या लोकांनी गाडीला काय म्हणायचं यालाही करआकारणीत स्थान मिळालं. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले, लहान गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के झाले, पण चार मीटरची रेघ जागच्या जागी राहिली. आणि या सगळ्या उपद्व्यापात गाडीची किती चाकं इंजिनाने फिरतात हे सरकारने एकदाही विचारलेलं नाही. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक एसयूव्हींची दोनच फिरतात.

चारही फिरवणाऱ्या गाड्यांमध्ये गिअरच्या मागे एक गोल बटण असतं. दाजींचा जीव त्या बटणात अडकला आहे. ग्रँड व्हिटाराच्या बटणावर ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक असे चार पर्याय आहेत. जीप कंपास तर आपल्या अष्टविनायकांपैकी महागणपतीच्या रांजणगावात, एमआयडीसीत, २०१७ पासून तयार होते, पण तिच्याही बटणावर स्नो आहेच. पुण्यातलं नोंदलेलं सर्वांत कमी तापमान १.७ अंश, १९३५ च्या जानेवारीतलं. म्हणजे या शहरावर बर्फ पडायची वेळ थोडक्यात हुकली आणि त्यानंतर निसर्गाने फारसा प्रयत्न केलेला नाही. नाही म्हणायला दर हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. दाजींनी ते कात्रण सेल्समनला दाखवलं. तो मुलगा इतका सभ्य, की “हो सर, तिथे उपयोग होईल,” म्हणाला. टपावरच्या बर्फाचा चाकांशी काय संबंध, हे विचारायची हिंमत आम्हा दोघांतही नव्हती.

न्यायाने सांगायचं तर ते बटण अगदीच शोभेचं नाही. स्नोवर ठेवलं की ॲक्सिलरेटर जरा मवाळ होतो आणि मागच्या चाकांना लवकर जोर मिळतो. ओल्या गवतावर किंवा शेवाळलेल्या चढावर ते कामाचं आहे. मुद्दा बाकीच्या वेळेचा. या छोट्या गाड्यांमध्ये कोरड्या डांबरावर जवळपास सगळं काम पुढची चाकंच करतात. ती घसरायला लागली की मधला क्लच आवळतो आणि मागची चाकं मदतीला येतात. तोपर्यंत ती लग्नात नवरीच्या मागे उभ्या असलेल्या मामासारखी असतात: नटूनथटून हजर, आणि सगळ्यांची प्रार्थना अशी की त्यांच्यावर काही करायची वेळ येऊ नये. या हजेरीचा खर्च मात्र रोजचा आहे. मागपर्यंत जाणारा दांडा, मागचा डिफरन्शियल, त्यांचं वजन. ग्रँड व्हिटारा बाजारात आली तेव्हा तेच इंजिन, तोच मॅन्युअल गिअर, आणि कंपनीच्या दाव्याचं ॲव्हरेज दोन चाकांवर २१.११, चार चाकांवर १९.३८. किमतीत लाख-दीड लाखाचा फरक. जुन्या डस्टरमध्ये तर डिकीसुद्धा ४७५ लिटरवरून ४१० वर यायची. त्या ६५ लिटरांत आंब्याची एक पेटी सहज बसली असती, हा ताईचा हिशेब.

डस्टरचं नाव निघालं की दाजी हळवे होतात. २०१४ मध्ये तिची चार चाकांची आवृत्ती आली तेव्हा त्यांनी ती चालवून बघितली होती, आणि घेतली नव्हती, कारण तेव्हा मुलीची इंजिनिअरिंगची फी होती. तिच्या मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होतं. दोन चाकांवरच्या डस्टरला ते नव्हतं. त्यामुळे खड्ड्यांतून ती मऊ जायची. गंमत अशी, की शहरवाल्यांना ऑल-व्हील ड्राइव्हचा रोजचा खरा फायदा तिथेच मिळत होता, आणि त्याचा चिखलाशी काही संबंध नव्हता. पण पुढे डस्टरला ऑटोमॅटिक आली ती दोन चाकांवर. २०२२ मध्ये ग्रँड व्हिटारा आणि तिची जुळी बहीण हायरायडर आली तेव्हाही चार चाकं हवी असतील तर डावा पाय क्लचवर ठेवणं भाग होतं. डोंगर हवा की गुडघा, असा तो सवाल होता. ग्रँड व्हिटाराला २०२५ मध्ये चार चाकं आणि ऑटोमॅटिक एकत्र मिळाली आणि दाजींचा नकार देण्याचा शेवटचा सबळ मुद्दा गेला.

मग चार मीटरच्या आतल्या अस्सल रांगड्या गाड्यांची पाहणी झाली. थार आणि जिम्नी. दोन्ही ३,९८५ मिलिमीटर, दोन्हींच्या मागे स्टेपनी लटकलेली. यांची जात वेगळी. रोजच्या रस्त्यावर मागची चाकं ओढतात, आणि फोर बाय फोर तुम्ही स्वतः दांडा ओढून लावायचं. लावलं की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात चाक जरा घसरून हा फरक भागवतं. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, मग गाडी अडते, कण्हते आणि गिअरांवर ताण येतो. म्हणून कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर बाय फोर लावू नका असा कंपनीचाच सल्ला असतो. चारचे पैसे भरून शहरात दोनवर चालवायची, ही त्या गाडीची अधिकृत पद्धत आहे. दाजी यावर विचारात पडले. पण निकाल दिला आमच्या आत्यांनी. तीन दारांच्या थारच्या मागच्या सीटवर जायला पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. आत्यांनी एक पाय पायरीवर ठेवला, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, “मी रिक्षाने येते.”

आत्यांचा गुडघा हेच या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे, असं माझं मत झालं आहे. उंच गाड्या इतक्या का खपतात याची मोठमोठी कारणं सांगितली जातात. माझ्या ओळखीतल्या घरांत कारण एकच, सांधे. जुन्या बसक्या गाडीत उतरावं लागतं आणि उठताना कुणाचा तरी हात लागतो. उंच गाडीत सीट कमरेच्या पातळीला असते, नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. दुसरं कारण गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा. तसा असेल तर १७० मिलिमीटर पोट असलेली साधी हॅचबॅकही अलगद जाईल. आमच्या गल्लीतला गतिरोधक मानक वाचून बांधलेला नाही, उरलेलं डांबर संपवण्यासाठी बांधलेला आहे. म्हणून उंची हवी. ती मागावी, तिच्यासाठी पैसे मोजावेत. पण उंची आणि चारही चाकांचा जोर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि दुकानात त्या एकाच पिशवीत मिळतात.

तिसरी एक वस्तू त्या पिशवीत असल्याचा भास होतो: सुरक्षितपणा. दाजींची समजूत होती की चार चाकं फिरतात म्हणजे पावसात चार चाकं थांबतातही. थांबण्याचं म्हणाल तर ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, अगदी आमच्या पंधरा वर्षांच्या जुन्या गाडीलाही. ऑल-व्हील ड्राइव्ह चढायला आणि निघायला मदत करते. उतारावर, ओल्या वळणावर, समोर अचानक म्हैस आल्यावर गाडी आवरतात ते टायर. तुंबलेल्या पाण्यातही चाकांची संख्या कामाची नाही. इंजिन हवा कुठून ओढतं ती जागा किती उंच आहे, त्यावर सगळं. आणि घाट म्हणाल, तर एसटी मागच्या एकाच आसाच्या बळावर ताम्हिणी चढते, तीही उभ्या प्रवाशांसकट.

कुणाला घ्यावीच असं सांगायचं तर माझ्या डोळ्यांसमोर कोकण येतं. दापोली-गुहागरकडे रस्त्यापासून घरापर्यंत जाणारी तांबड्या मातीची घाटी असते. जुलैत ती साबणाच्या वडीवर पाणी पडल्यावर होते तशी होते, आणि तिथे पुढची चाकं जागच्या जागी फिरून खड्डा खणत बसतात. असं गावचं घर असेल आणि पावसाळ्यात तिथे खरंच जाणं होत असेल, तर लाख-दीड लाखाचा हिशेब करत बसू नका, चार चाकं घ्या. पण टायर बदलताना लक्षात ठेवा, या गाड्यांना चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले लागतात. खड्ड्यात एक फाटला म्हणून एकच नवा टाकून भागेलच असं नाही.

दाजींचं गाव बारामतीजवळ आहे. सपाट, आणि दारापर्यंत डांबर. तरी बुकिंग अजून व्हायचं आहे आणि बटण अजून मनातून गेलेलं नाही. माझा सल्ला त्यांना आणि तुम्हालाही सारखाच: शहरासाठी उंच सीटची, दोन चाकांवरची ऑटोमॅटिक घ्या, आणि उरलेल्या पैशांतले थोडे चांगल्या टायरांवर घाला. टायरच्या कडेला चार आकडे उमटवलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. गाडी ताब्यात घेताना पेढे आणि हार होतच राहतील, त्याआधी खाली वाकून ते आकडे वाचा. स्टेपनीचेही.