स्थळ निवड समिती, मुक्काम अमेरिका

आमच्या गावात एकदा साहित्य संमेलनासाठी स्थळ निवड समिती आली होती. मी स्वागत समितीत होतो, म्हणजे पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे होत्या. पाहुण्यांनी मैदान पावलांनी मोजलं, निवासाच्या खोल्यांतले नळ सोडून पाहिले, पहिल्या दिवशी बासुंदी की श्रीखंड हे विचारून घेतलं, आणि पालकमंत्र्यांचा शब्द किती पक्का याची दोन-दोनदा खात्री केली. गावात वाचनालय आहे का, हे कुणी विचारलं नाही. विचारलं नाही ते बरंच झालं, कारण त्या दिवशी ते बंद होतं. संमेलन शेवटी शेजारच्या तालुक्याला गेलं. तिथे वाचनालय नव्हतंच, पण साखर कारखान्याचे अध्यक्ष होते.

हे आठवायचं कारण माझा भाचा. तो नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला असतो. मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉल हा त्याच्याकडे छंदात मोडत नाही, कुळाचारात मोडतो. परवा फोनवर म्हणाला, “मामा, आमच्या गावानं काय करायचं बाकी ठेवलंय सांगा.” आता सॅक्रामेंटोला ‘आमचं गाव’ म्हणणारा माणूस दुखावलेला असणार, हे मी ओळखलं.

दुखणं असं. अमेरिकेत ‘मेजर लीग सॉकर’ नावाची लीग आहे. १९९६ मध्ये दहा संघांनिशी सुरू झाली, आता तीस आहेत. इंग्लंडात तळाचे तीन संघ दरवर्षी खालच्या वर्गात ढकलले जातात आणि खालचे तीन घाम गाळून वर येतात. अमेरिकेत ही दगदग ठेवलेलीच नाही. तिथे संघ जिंकून वर जात नाही, शहर अर्ज करून वर जातं. अर्जासोबत एक धनाढ्य मालक, एक स्टेडियम किंवा निदान स्टेडियमचं रंगीत चित्र, आणि प्रवेश शुल्क जोडायचं. शिवाय सगळे संघ कायद्याने लीगच्याच मालकीचे. म्हणजे दुकानांच्या पाट्या वेगवेगळ्या, गल्ला एक. नवा भागीदार घ्यायचा तर जुने भागीदार त्याचे पाय बघतील की पाकीट?

२००७ मध्ये टोरांटो आत आलं तेव्हा हे शुल्क एक कोटी डॉलर होतं. २०२५ मध्ये सॅन दिएगो उतरलं ते पन्नास कोटी मोजून. अठरा वर्षांत पन्नास पट! पुण्याच्या रिंगरोडला लागून असलेल्या सातबाऱ्यानेही इतकी उडी मारली नसेल, आणि तिथे निदान जमीन तरी मिळते.

जानेवारी २०१७ मध्ये बारा शहरांनी एकदम अर्ज भरले. शार्लट, सिनसिनाटी, डेट्रॉइट, इंडियानापोलिस, नॅशव्हिल, फिनिक्स, रॅली, सॅक्रामेंटो, सेंट लुइस, सॅन अँटोनियो, सॅन दिएगो आणि टँपा. यातल्या टँपाचं मला विशेष कौतुक वाटतं. टँपाला पहिल्याच वर्षी संघ मिळाला होता, आणि २००१ च्या हंगामानंतर लीगने तो स्वतःच बंद केला. त्याच दमात मायामीचाही केला. मायामीचा संघ त्या वर्षी साखळीत सर्वाधिक गुण मिळवून पहिला आला होता. पहिला आला म्हणून काय झालं? पुढे मायामीला दुसरा संघ मिळाला तो डेव्हिड बेकहॅममुळे. खेळाडू म्हणून अमेरिकेत येतानाच त्याने करारात एक कलम घालून घेतलं होतं, अडीच कोटी डॉलरांत संघ घेण्याचा हक्क. स्वतःच्या लग्नात पायजमे शिवून ठेवावेत आणि नातवाच्या लग्नात ते मापात यावेत, तसं ते कलम फळलं. टँपा मात्र पुन्हा रांगेत. ज्या घरातून हाकलून दिलं त्याच घरी सोयरीक मागायला जाण्याची हिंमत आपल्याकडे फक्त राजकीय पक्षांत दिसते.

सेंट लुइसची गोष्ट आणखी मजेची. १९५० च्या विश्वचषकात अमेरिकेने इंग्लंडला १-० हरवलं, त्या संघातले पाच जण एकट्या सेंट लुइसचे. असा घराण्याचा कागद असूनही अडलं कुठे, तर मतपेटीत. स्टेडियमला सहा कोटी डॉलर सरकारी पैसे द्यायचे का, असं एप्रिल २०१७ मध्ये मतदारांना विचारलं आणि मतदार ‘नाही’ म्हणाले. विचारायची पद्धतच मुळात घातक. आपल्याकडे क्रीडासंकुलाचं थेट भूमिपूजन होतं, आणि पुढे भूमीही तशीच राहते, पूजनही तसंच. सॅन दिएगोतही तेच. २०१८ मध्ये जुन्या स्टेडियमची जागा फुटबॉलवाल्यांना द्यायला लोकांनी नकार दिला आणि ती विद्यापीठाच्या पदरात टाकली. विद्यापीठाने नवं स्टेडियम बांधलं. मग फुटबॉलवाले पन्नास कोटी मोजून त्याच स्टेडियममध्ये भाड्याने खेळायला आले. सेंट लुइसलाही पुढे एका श्रीमंत घराण्याच्या कृपेने संघ मिळालाच. २०२३ मध्ये उतरला आणि पहिले पाचही सामने जिंकला. मतदारांनी नाही म्हटलं म्हणून कुणाचंही काही बिघडलं नाही, ही बातमी आपल्या नगरसेवकांपर्यंत पोचू नये एवढीच इच्छा.

डेट्रॉइटच्या मालकांनी अर्धवट बांधून सोडलेल्या तुरुंगाची जागा स्टेडियमसाठी पुढे केली होती. खरं तर ही कल्पना उत्तम. भिंती तयार, पाहुण्या संघाची सोय तयार. पण ते बारगळलं. गंमत अशी की त्याच शहरात ‘डेट्रॉइट सिटी’ नावाचा एक संघ आधीपासून खेळत होता, धुराच्या नळकांड्या, ढोल, शिव्या अशा संपूर्ण पारंपरिक पद्धतीने. हॅमट्रॅमिकमधलं एक जुनं, मोडकळीला आलेलं स्टेडियम त्यांनी समर्थकांच्या पैशांतून उभं केलं, सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलर. आपण याला लोकवर्गणी म्हणतो. लोकवर्गणीवाला संघ स्पर्धेत धरायचा नसतो. त्याचा फोटो अर्जाला जोडायचा असतो, ‘शहरात खेळाचं वातावरण आहे’ या मथळ्याखाली.

सिनसिनाटीची दुसऱ्या वर्गातली गर्दी मोठ्या लीगमधल्या काही संघांना लाजवणारी होती. २०१८ मध्ये बोलावणं आलं. मग संघ २०१९ मध्ये आत शिरला आणि त्याने ७५ गोल खाल्ले, लीगच्या इतिहासातला विक्रम. त्या वर्षी शेवटचा, पुढच्या वर्षी शेवटचा, तिसऱ्या वर्षीही शेवटचा. इंग्लंडात असते तर तीन पायऱ्या उतरून कुठल्यातरी शेतावर खेळत असते. इथे मात्र कुणी बाहेर काढू शकत नाही, पैसे भरलेले. निवांत शिकले, आणि २०२३ मध्ये साखळीत पहिले आले. नापास न करण्याच्या धोरणाचे आपले शिक्षणतज्ज्ञ याहून चांगला पुरावा कुठे शोधणार?

आता सॅक्रामेंटो. भाच्याचा आवाज इथे जरा ओला होतो. ‘रिपब्लिक’ हा त्यांचा संघ २०१४ मध्ये मैदानात उतरला आणि पहिल्याच वर्षी खालच्या वर्गाचा विजेता झाला. लोक येत होते, महापौर खूश होते, जुन्या रेल्वे यार्डात स्टेडियमची जागाही ठरली होती. तरी आधी नॅशव्हिल, मग सिनसिनाटी, मग सेंट लुइस असे एकेक जण पुढे सरकत गेले. शेवटी ऑक्टोबर २०१९ मध्ये नाव जाहीर झालं. शुल्क वीस कोटी, मालक अब्जाधीश रॉन बर्कल. गावात जल्लोष, भाच्याने गळ्यात घालायचा लोकरी पट्टा घेतला. दोनच महिन्यांनी शार्लटने साडेबत्तीस कोटी मोजले आणि तेही यादीत. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्कल म्हणाले, जमत नाही. संपलं. हळद लागल्यावर मांडवातून नवरदेवाचा बाप उठून गेला की नवरी कितीही गुणी असली तरी भटजी काय करणार, दक्षिणा मोजत बसणार.

“पण पुढे ऐका मामा,” भाचा म्हणतो. पुढचं मीही वाचलं होतं, तरी ऐकलं. खालच्या वर्गातल्या संघांनाही खुली असलेली एक स्पर्धा तिथे आहे, यूएस ओपन कप. २०२२ च्या या कपमध्ये याच सॅक्रामेंटोने मोठ्या लीगचे तीन संघ ओळीने बाहेर काढले. सॅन होजे, लॉस एंजेलिसचा गॅलेक्सी आणि उपांत्य फेरीत पेनल्टीवर कॅन्सस सिटी. अंतिम सामन्यात ओर्लँडोकडून ३-० हरले. म्हणजे ज्या वर्गात बसायची लायकी नाही असं ठरलं, त्या वर्गातल्या तिघांना पुढच्याच वर्षी परीक्षेत मागे टाकलं. लीगवर परिणाम? शार्लटमध्ये पहिल्या सामन्याला ७४,४७९ लोक आले होते. लीग ते मोजत होती.

मी त्याची समजूत काढायला आपल्याकडची उदाहरणं दिली. पुण्याला इंडियन सुपर लीगचा संघ होता; २०१९ मध्ये ती जागा हैदराबादला गेली, आणि २०२२ मध्ये हैदराबाद गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर विजेता झालं. पुणेकरांनी यावर काय प्रतिक्रिया दिली? दिली नाही. बऱ्याच पुणेकरांना संघ होता हेच तो गेल्यावर कळलं. आणि कोल्हापूर? पाटाकडील, खंडोबा, दिलबहार असे तालमीतालमींचे संघ; शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठांतली दुकानं ओस. पण २०१७ मध्ये त्याच सुपर लीगने नव्या संघांसाठी अहमदाबादपासून सिलिगुडीपर्यंत दहा शहरांची यादी काढली, तीत कोल्हापूरचं नाव नव्हतं.

“मग आपण अर्ज करायला पाहिजे होता,” भाचा म्हणाला.

“अरे, कोल्हापूरचा एकच संघ म्हटल्यावर तो कुठल्या तालमीचा, यावर पहिली बैठक मोडली असती. आणि पांढरा रस्सा मोफत द्यावा लागला असता तो वेगळा.”

तो हसला नाही. ओहायोतल्या कोलंबसची गोष्ट सांगू लागला. तिथला मालक २०१७ मध्ये संघ उचलून ऑस्टिनला न्यायला निघाला होता. लोक रस्त्यावर आले, सरकार कोर्टात गेलं, संघ वाचला आणि २०२० मध्ये विजेताही झाला. “आणि त्या मालकाचं काय झालं?” मी विचारलं. त्याला लीगने ऑस्टिनमध्ये नवा संघ दिला.

आता सॅक्रामेंटोच्या संघाची बहुतांश मालकी विल्टन रँचेरिया या आदिवासी जमातीकडे आहे आणि रेल्वे यार्डातल्या स्टेडियमची चर्चा परत सुरू झाली. भाचा पूर्वीसारखाच दर सामन्याला जातो, दुसऱ्या वर्गातल्या. तो २०१९ चा लोकरी पट्टा घरात आहे. गेल्या उन्हाळ्यात माझी बहीण तिथे राहून आली. कुकर उतरवायला चिमट्यापेक्षा तो बरा पडतो, असं तिचं मत झालं.