मार्टिनकाका

आमचा वॉचमन दर नाताळला चौथ्या मजल्यावर जाऊन मार्टिनकाकांना 'मेरी ख्रिसमस' म्हणतो. काका मंगळवारचा उपास धरणारे, रोज अथर्वशीर्ष म्हणणारे. पण ते त्याचा गैरसमज दूर करत नाहीत. वर्षातून एकदा तरी बिल्डिंगमध्ये कुणीतरी शुद्ध इंग्रजी बोलतं, तेवढंच समाधान.

हे नाव सोसायटीतल्या पोरांनी ठेवलं. काकांच्या काखेत रेन आणि मार्टिनचं व्याकरण कायम असतं, पुठ्ठा गेलेलं आणि ब्राऊन पेपर घातलेलं. दोघांतला रेन का गळला, याचं कारण काकांकडून ऐकावं. हा पर्सिव्हल रेन आपल्या मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती आणि तिथल्या हायस्कुलात तो हेडमास्तर होता. त्याच माणसाने 1924 साली 'बो जेस्ट' नावाची कादंबरी काढली. एक मौल्यवान नीलम गायब होतो आणि तीन सख्खे भाऊ घरातून पळून फ्रेंचांच्या परदेशी पलटणीत भरती होतात! ज्याने पोरांना शिस्त लावायची, त्यानेच पळून जायच्या गोष्टी लिहाव्यात, हे काकांना रुचलेलं नाही. मार्टिनने असलं काही केल्याचं त्यांच्या ऐकिवात नाही, म्हणून निष्ठा मार्टिनवर.

काकांशी बोलताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. तुम्ही काय सांगताय ते त्यांना ऐकूच येत नाही. कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी झालं, एवढंच ऐकू येतं. मागे लिफ्टवर चिठ्ठी लागली होती, 'बोथ द लिफ्ट इज क्लोज्ड'. काका चार मजले धापा टाकत चढले, घरून लाल बॉलपेन घेतलं, चार मजले उतरले, 'लिफ्ट'ला 'एस' जोडला, 'इज'वर काट मारून 'आर' केलं आणि पुन्हा चार मजले चढले. काकूंनी विचारलं, "लिफ्ट कधी सुरू होणार, काही लिहिलंय का?" ते काही काकांनी वाचलं नव्हतं.

आता सेक्रेटरींनी शहाणपणा केलाय. नोटिशीत क्रियापदच घालत नाहीत. 'वॉटर. टुमॉरो. टेन टू फाइव्ह. नो.' क्रियापद नाही, त्यामुळे चूकही नाही. अशी नोटीस लागली की काका फळ्यासमोर बराच वेळ उभे राहतात, पेनाचं टोपण काढतात, घालतात आणि नुसतेच भाजी आणायला जातात.

हे वेड अंगात कुठून शिरलं? काका केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात हेडक्लार्क होते. रोज बोरीबंदरला उतरायचं आणि दिवसभर ड्राफ्ट करायचे. त्या इंग्रजीत 'मी' नसतो. 'द अंडरसाइन्ड इज डायरेक्टेड टु से' असं असतं. म्हणजे बोलणारा मी, पण बोलायला सांगितलंय दुसऱ्याने आणि सही केलीय तिसऱ्याच कुणीतरी. उभी हयात माणूस स्वतःला तृतीयपुरुषी लिहीत राहिला, तर सर्वनामं त्याच्या डोक्यात बसणारच. मुलाने मोटारसायकल मागितली तेव्हा काकांनी जे उत्तर दिलं, त्यातही म्हणे 'मी' नव्हता. मोटारसायकलही नव्हती.

त्याच हपिसात मोठमोठ्या परीक्षा पास होऊन आलेले तरुण साहेब असायचे. दुपारच्या जेवणानंतर, शिपाई पांगले की, एखादा साहेब हळूच काकांच्या टेबलाशी यायचा. "जरा बघा हो, 'नन ऑफ द व्हाउचर्स'च्या पुढे 'इज' की 'आर'?" साहेब उभा, काका बसलेले. काका चष्मा पुसायचे, घसा खाकरायचे आणि 'इज' म्हणायचे. खरं तर दोन्ही चालतात आणि हे काकांनाही ठाऊक असावं. पण दोन्ही चालतात असं सांगितलं, तर साहेब पुन्हा कशाला येईल? काकांना आम्ही पुष्कळ हसतो, पण साहेबाला उभं ठेवायची एवढी एकच जागा त्यांना नोकरीने दिली होती. ती त्यांनी मन लावून राखली, याबद्दल निदान मी तरी त्यांना हसणार नाही.

क्रिकेटच्या वेळी मात्र त्यांच्या घरी बसू नये. समालोचक 'इंडिया आर' म्हणतो, न्यू जर्सीचा जावई 'इंडिया इज' म्हणतो आणि विलायती रीत कोणती, अमेरिकन कोणती हे काका समजावेपर्यंत शेवटची ओव्हर संपलेली असते.

खरी रणधुमाळी गेल्या गणपतीत झाली. महाप्रसादाच्या नोटिशीत होतं, 'एव्हरीवन शुड ब्रिंग देअर ओन प्लेट'. काकांनी 'देअर' खोडून 'हिज' केलं. एव्हरीवन म्हणजे प्रत्येक जण, जण एक, मग 'देअर' कुठून? तासाभरात महिला मंडळ दारात. "आम्ही काय पत्रावळी चाटायच्या?" काका शांतपणे म्हणाले, "1897 चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, कलम 13. पुल्लिंगी शब्दात स्त्रिया येतातच." कायदा बरोबर होता. आपल्या देशाचे कायदे खरोखरच तसे वाचायचे असतात. पण मंडळाच्या अध्यक्षीणबाई काही कमी नव्हत्या. "बरं झालं सांगितलंत. मग उद्या सकाळी आठला महिला मंडळाने वांगी चिरायची आहेत. त्या महिलांत तुम्ही येताच."

काका आले. आठला पाच कमी असताना, स्वतःची विळी घेऊन आले. नंतर नोटिशीत 'हिज ऑर हर ओन प्लेट, अ‍ॅज द केस मे बी' असं झालं. ती कुणी शेवटपर्यंत वाचली नाही आणि सगळे हात हलवत आले.

दिवाळीत पुण्याहून नात आली. कॉलेजात समाजशास्त्र शिकते. बरोबर वर्गातलं कुणीतरी होतं, ज्याला इंग्रजीत 'ही'ही नको आणि 'शी'ही नको, 'दे' म्हणायचं. काकांनी हातातला चहा खाली ठेवला. माणसाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती, आग्रहाने चकल्या वाढत होते. तक्रार क्रियापदाची होती. "एक माणूस आणि 'दे आर'? कुठल्या ग्रंथात आहे?"

नात तयारीनेच आली होती. "मेरियम-वेब्स्टर डिक्शनरीने 2019 सालचा शब्द म्हणून 'दे'च निवडला होता, आजोबा."

"डिक्शनरी अमेरिकन. शेक्सपिअरने लिहिलं असतं का?"

"शेक्सपिअरचं नका काढू. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला अँटोनिओ पत्रात 'बिट्वीन यू अँड आय' लिहितो. तुमच्या मार्टिनच्या हिशेबाने 'मी' पाहिजे."

काका गप्प. नातीने पुढचा पत्ता टाकला. "आणि मोत्याला तुम्ही 'यू आर अ बॅड डॉग' म्हणता. मोती एक आहे ना? 'यू' मुळात अनेकवचनी. एकाला 'दाऊ' म्हणायचे. सतराव्या शतकात क्वेकर लोक हट्टाने प्रत्येकाला 'दाऊ' म्हणत राहिले, मोठ्या माणसांनाही, आणि त्यापायी मार खाल्ला त्यांनी."

मार खाल्लेल्या क्वेकरांबद्दल काकांच्या चेहऱ्यावर सहानुभूती दिसली. नियमासाठी मार खाणारी माणसं त्यांना जवळची वाटली असणार. पण हार मानायला ते तयार नव्हते. तेवढ्यात काकू आतून लाडूंचा डबा घेऊन आल्या.

"कशाचं एवढं चाललंय? एकाच माणसाला 'ते' म्हणायचं, त्यात काय? मी लग्न झाल्यापासून म्हणतेय. हे आले, हे जेवले, हे झोपलेत. एकच तर आहेत, आणि तेवढे पुरे झालेत."

काकांनी उत्तर दिलं नाही. लाडू मात्र दोन खाल्ले. रात्री नातीने पाहिलं, आजोबा दिवा लावून पुस्तकात काहीतरी शोधत होते. आदरार्थी बहुवचन मार्टिनमध्ये सापडलं नाही.

तेव्हापासून काका मवाळ झालेत असं काकू म्हणतात. मला तसं काही दिसलं नाही. परवा गच्चीच्या पाइपमधून पाणी गळायला लागलं, तर सोसायटीने तक्रार लिहायचं काम काकांना दिलं. दोन दिवस खपून त्यांनी इंग्रजीत पत्र केलं. 'द अंडरसाइन्ड इज वन ऑफ दोज रेसिडेंट्स हू हॅव बीन सफरिंग'. त्यातलं 'हॅव' कसं बरोबर आहे आणि 'हॅज' तिथे का चालणार नाही, हे त्यांनी आम्हा प्रत्येकाला वेगवेगळं समजावलं. मग इस्त्रीचा शर्ट घालून वॉर्ड ऑफिसात स्वतः गेले.

खिडकीतल्या मुलीने पत्र वरून खाली पाहिलं आणि परत सरकवलं. "काका, अर्ज मराठीत द्या. आणि नक्की कोणाच्या घरात गळतंय? तुमच्या की त्यांच्या?"