खोबरं खाली, बंदूक वर

काउंटरवरच्या मुलीनं बॅगेची चेन उघडली, वरचे दोन सदरे बाजूला केले आणि मेतकुटाच्या डब्याखालून नेमकी ती पिशवी बाहेर काढली. सुक्या खोबऱ्याच्या सहा वाट्या.

"काका, हे नाही जाणार."

"का?"

"पेट घेतं."

आमच्या घरात खोबरं फडताळात असतं, गॅसच्या शेगडीपासून हातभर अंतरावर. इतक्या वर्षांत त्यानं आपण होऊन काही पेटवलेलं नाही. घरात पेटवापेटवी झाली ती प्रत्येक वेळी माणसांनी केली. पण मागे रांग होती, बायको डोळे वटारत होती आणि न्यू जर्सीत एडिसनला मुलगी चटणीची वाट बघत होती. वाट्या तिथल्या ट्रेमध्ये गेल्या. मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ आणि मुलीचं नाव घातलेला स्टीलचा डबा एवढं पुढे गेलं.

काउंटरवरच्या मुलीचं म्हणणं खरं होतं, हे कबूल करतो. घरी परत आल्यावर मी नियम काढून वाचले. चिडलेला निवृत्त माणूस नियम फार मन लावून वाचतो. सुकं खोबरं हा संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला धोकादायक माल आहे. क्रमांक १३६३, वर्ग ४.२, म्हणजे आपोआप तापून पेट घेऊ शकणारे पदार्थ. त्यातल्या तेलाचा हवेशी संयोग होतो, उष्णता साठत जाते आणि बंद जागेत ढीग असेल तर प्रकरण धुमसू लागतं. संयुक्त राष्ट्रांनी आपल्या खोबऱ्याची दखल घेतली म्हणून क्षणभर बरंही वाटलं.

पण तीच यादी चाळताना पुढे काडतुसं भेटली. तीही धोकादायक मालच, वर्ग १.४ एस. मात्र तिथे 'नाही' लिहिलेलं नव्हतं. व्यवस्थित बांधलेली, स्वतःच्या वापरासाठी, विमान कंपनीला विचारून, चेक-इन सामानात, माणशी पाच किलो.

पाच किलो! आणि ती काडतुसं ज्यात घालायची ती वस्तूही चालते. रिकामी हवी, टणक पेटीत हवी, पेटीला कुलूप हवं आणि काउंटरवर 'माझ्याजवळ बंदूक आहे' असं सांगायला हवं. मी काउंटरवर 'माझ्याजवळ खोबरं आहे' असं सांगितलं असतं तर काही फरक पडला असता का, हे त्या मुलीला विचारायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून मी बंदुकीच्या प्रवासाचा अभ्यास करतोय. स्वतःच्या बंदुकीच्या नव्हे. आमच्याकडे हत्यार म्हणून विळी आहे. पण दरवर्षी अमेरिकेतून शिकारी आपापल्या रायफली घेऊन दक्षिण आफ्रिकेला जातात, कुडू मारायला, रानरेडा मारायला. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर हा शौक दिवाणखान्यातल्या जुन्या फोटोंपुरता उरला. आपली बंदूक विमानात चढते ती नेमबाजांच्या खांद्यावरून. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं २०२४ साली पॅरिसला कांस्य आणलं ते पन्नास मीटर रायफलमधलंच. पण आपल्या नेमबाजाकडे परवाना असतो. अमेरिकन शिकाऱ्याची गंमत सुरू होते ती तिथेच.

आधी कुलपाचं बघा. अमेरिकेत जाणाऱ्या आपल्या बॅगेला आपण जे छोटं कुलूप लावतो, त्याची गुरुकिल्ली तिथल्या सरकारकडे असते. ती किल्ली इतकी गुप्त, की तिचा फोटो एका मोठ्या वर्तमानपत्रात छापून आला आणि २०१५ साली लोकांनी त्यावरून घरच्या घरी किल्ल्या पाडल्या. बंदुकीच्या पेटीचा नियम वेगळा. तिची किल्ली फक्त मालकाकडे राहायची. सरकारला आत बघायचं असेल तर मालकाला बोलावून किल्ली मागायची. म्हणजे माझ्या बनियनला जी अब्रू नाही ती रायफलीला आहे. तिथल्या फोटोग्राफर मंडळींना हे केव्हाच कळलेलं. महागडे कॅमेरे नेताना त्यातले काही जण पेटीत शर्यत सुरू करायचं साधं पिस्तूल टाकतात. नियमात तेही बंदूकच, म्हणून सगळ्या पेटीला पक्कं कुलूप लावता येतं आणि पेटी हरवायला कुणी धजत नाही. दागिन्यांच्या राखणीला नाग बसवावा, तसं.

शिकारी मात्र, खरं सांगायचं तर, नियम पाळणारा गरीब प्राणी. नियम मोडणारे वेगळेच. अमेरिकन विमानतळांवर प्रवाशांच्या तपासणीत हातातल्या सामानात २०२३ साली ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यातल्या ९३ टक्के भरलेल्या होत्या. एकट्या अटलांटात ४५१. पकडलेल्यांचं नेहमीचं उत्तर एकच, विसरलो. आपण चष्मा विसरतो, छत्री विसरतो, हे भरलेलं पिस्तूल विसरतात. त्याच अटलांटातून जोहान्सबर्गचं थेट विमान सुटतं, आणि त्या विमानाचा शिकारी मात्र दोन दिवस आधीपासून कागदांची फाइल छातीशी धरून बसलेला असतो.

कारण त्याच्यापुढे पेच असतो. जोहान्सबर्गचा पोलीस विचारणार, ही बंदूक तुमचीच कशावरून? परवाना दाखवा. आणि अमेरिकेत बंदुकांची देशपातळीवर नोंदच नाही. नुसती नाही असं नव्हे, अशी नोंदवही उघडायला १९८६च्या कायद्यानं मनाई केली आहे. नोंदणी म्हणजे जप्तीची पहिली पायरी, ही तिथल्या बंदूकप्रेमींची एकादशीइतकी पक्की श्रद्धा. आता ज्याची नोंदच नाही त्याचा दाखला आणायचा कुठून?

आणतात. कस्टमवाल्यांकडून.

तिथल्या कस्टमचा ४४५७ क्रमांकाचा एक फॉर्म आहे. पर्यटकानं परदेशी नेलेला कॅमेरा, घड्याळ, लॅपटॉप परत आणताना 'हा तिकडे स्वस्तात घेतला नाही, घरचाच आहे' असं सिद्ध करून जकात वाचवायची, एवढाच त्याचा जन्मोद्देश. शिकारी रायफल घेऊन कस्टमच्या कार्यालयात जातो, अधिकारी रायफलीवरचा क्रमांक फॉर्मवरच्या क्रमांकाशी ताडून बघतो, सही करतो, शिक्का मारतो आणि कागद शिकाऱ्याच्या हातात देतो. स्वतःकडे प्रत ठेवत नाही. फॉर्मचं नाव काय, तर परदेशी नेलेल्या वैयक्तिक चीजवस्तूंच्या नोंदणीचा दाखला. 'नोंदणी' हा शब्द थेट मथळ्यातच! घरी असताना जो शब्द ऐकून माणूस संविधान उघडून बसतो, तोच शब्द तो इथे चार घड्या घालून पासपोर्टात जपून ठेवतो. आणि दक्षिण आफ्रिकेचे पोलीस हा कॅमेऱ्याचा कागद बंदुकीचा मालकी-पुरावा म्हणून मानतात. तेही काय करणार? समोरच्याकडे दुसरं काही नाहीच.

दाखल्याला मुदत नसते. अक्षरं वाचता येतात तोवर तो चालतो. पण फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात एक तारीख छापलेली असते आणि तिच्या अलीकडे लिहिलेलं असतं, मुदत संपण्याचा दिनांक. ही मुदत दाखल्याची नव्हे, कोऱ्या फॉर्मच्या नमुन्याची. अमेरिकेत १९८० साली सरकारी कागदपत्रांचा भार कमी करायचा कायदा झाला. त्यामुळे प्रत्येक फॉर्मला मंजुरी घ्यावी लागते, मंजुरीला मुदत असते आणि ती फॉर्मवर छापावी लागते. आता जोहान्सबर्गच्या पोलिसानं ती तारीख वाचली आणि 'तुमचा कागद कालबाह्य झालाय' म्हणाला, तर चूक कुणाची? या तारखेपायी खोळंबे झाले, आणि तेव्हापासून जाणते शिकारी रायफलीला तेल देण्याआधी ताज्या तारखेचा कोरा फॉर्म शोधतात. कागद कमी करण्याच्या कायद्यानं एवढे कागद वाढवलेले पाहून आमच्या तहसील कचेरीतल्या मंडळींनाही भरून येईल.

२०१५ साली तर अमेरिकन सरकारला अचानक आठवलं, की बंदूक देशाबाहेर नेणं म्हणजे निर्यात. मग शिकाऱ्यांना सांगण्यात आलं, की निर्यातदारांच्या संगणकीय व्यवस्थेत जाऊन माल नोंदवा. तिथे नोंदवायचं तर करखात्याकडून मालक-क्रमांक हवा, नोकर ठेवणाऱ्या धंद्याला देतात तो. आणि करखात्याचा नियम असा, की हा क्रमांक धंद्यासाठीच, खासगी माणसानं मागायचा नाही. म्हणजे एका खात्याचा नियम पाळायचा तर दुसऱ्या खात्याला 'माझा धंदा आहे' असं सांगायचं, आणि धंदा काय, तर सुट्टीत रेडा मारणं. शिकाऱ्यांच्या संघटनांनी इतका आरडाओरडा केला की सरकार मागे हटलं आणि पुन्हा कॅमेऱ्याच्या कागदावर गाडी आली.

आकड्यांचा मेळ तर विचारूच नका. अमेरिकेचा निर्यात-नियम म्हणतो, तीन बंदुका आणि हजार काडतुसं खुशाल न्या. दक्षिण आफ्रिका म्हणते, बंदुकीमागे दोनशे. विमान म्हणतं, पाच किलो. रानरेड्यासाठी वापरतात त्या .३७५ मॅग्नमची काडतुसं पाच किलोत शंभराच्या आसपास बसतात. रेड्याला तशी एक पुरते. उरलेली धीर यावा म्हणून.

तर असा हा माणूस पंधरा-सोळा तास बसून जोहान्सबर्गच्या ओ. आर. टॅम्बो विमानतळावर उतरतो. टॅम्बो म्हणजे वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध तीस वर्षं परदेशातून लढा चालवणारे नेते, पण शिकाऱ्याला तो इतिहास वाचायला सवड नाही. त्याला पोलिसांचं बंदूक-कार्यालय गाठायचंय. तिथे फॉर्म क्रमांक ५२०, तात्पुरत्या आयातीच्या परवानगीचा. काळ्या शाईनं भरायचा. सही आधी करायची नाही, अधिकाऱ्यासमोर करायची. सोबत पासपोर्ट, परतीचं तिकीट, ज्याच्या रानात जायचं त्याचं निमंत्रणपत्र आणि तो ४४५७. वय किमान एकवीस हवं. स्वसंरक्षणासाठी आणलीय म्हणालात तर बंदूक आत येणार नाही.

हा शेवटचा नियम मला फार आवडला. घरी ज्या कारणासाठी बंदूक हा जन्मसिद्ध हक्क, ते कारण इथे उच्चारायचीही सोय नाही. खुद्द दक्षिण आफ्रिकेच्या नागरिकाला २००० सालच्या कायद्यानं आधी सक्षमतेचं प्रमाणपत्र आणि मग परवाना घ्यावा लागतो. टेबलापलीकडचा पोलीस रायफल उचलतो, क्रमांक मोठ्यानं वाचतो, आणि अलीकडचा स्वातंत्र्यवीर 'येस सर' म्हणत काळ्या शाईचं पेन शोधतो. घरी असतं तर एवढ्यावर खटला भरला असता. इथे तो आभार मानतो, आणि मनापासून मानतो, कारण बाहेर जीप उभी आहे.

एवढं सगळं करूनही माणूस स्वतःच्याच देशात अडकू शकतो. १९८६च्या ज्या कायद्यानं नोंदवहीला मनाई केली, त्याच कायद्यानं बंदूक घेऊन राज्याराज्यांतून जाणाऱ्याला अभय दिलंय. एक अट अशी, की वाटेत ती हाताशी नको. २००५ साली यूटाहचा एक गृहस्थ पिस्तूल रीतसर कुलूपबंद करून निघाला. न्यूअर्कला त्याचं पुढचं विमान चुकलं. सामान हातात आलं, रात्र हॉटेलात गेली. सकाळी काउंटरवर त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, माझ्याजवळ बंदूक आहे. न्यू जर्सीच्या कायद्यावर बोट ठेवून विमानतळाच्या पोलिसांनी त्याला आत टाकलं. हॉटेलच्या खोलीत पेटी हाताशी होती, म्हणून अभय संपलं. २०१०ला अपील कोर्टानंही तेच म्हटलं. आमची मुलगी त्याच राज्यात राहते. तिला मी फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही खोबरं नेत होता. एवढं काय मनाला लावून घेताय?"

लावून घेतोय, कारण परतीची गंमत अजून सांगायचीय. २०१५च्या जुलैत झिम्बाब्वेमध्ये सेसिल नावाचा सिंह मारला गेला आणि जगभर हळहळ झाली. मारणारा मिनेसोटाचा दंतवैद्य धनुष्यबाण घेऊन गेला होता, पण ते असो. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी जाहीर केलं, की सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा यांची मुंडकी आम्ही वाहून आणणार नाही. मुंडकी. बंदुका नाहीत. त्या पूर्वीसारख्याच जातात, क्रीडासाहित्य म्हणून. जाताना रायफल चालते, येताना तिचा परिणाम चालत नाही.

या सगळ्यावरून मी एक हिशेब मांडला. ४४५७ फॉर्मवर कुठलीही वैयक्तिक चीजवस्तू नोंदवता येते, फक्त तिच्यावर क्रमांक किंवा ओळखीची खूण हवी. म्हणून परवा सहा नव्या वाट्या घेऊन मी तुळशीबागेत भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे गेलो. त्यानं मशीन बंद केलं, एक वाटी उलटी करून बघितली, बोट फिरवलं आणि ते पँटला पुसत म्हणाला, "काका, याच्यावर नाव टिकायचं नाही. तेल सुटतंय."