पाचवं स्वातंत्र्य

हडपसरात गाडी लावायला जागा मिळत नाही, पण लिनक्सविषयी सल्ला दूध आणायला खाली उतरलात तरी मिळतो. मगर मंडळींनी शेतजमिनी एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी केली, तिच्यात सायबरसिटी आली, आणि आता आसपासच्या प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक मजल्यावर सर्व्हरच्या जिवावर पोट भरणारं कुणीतरी आहेच. लिनक्सवरच धंदा उभारलेल्या खुद्द रेड हॅट कंपनीचं कार्यालय त्या सायबरसिटीत. त्यामुळे 'जुन्या छोट्या लॅपटॉपवर काय टाकावं?' एवढंच मी लिफ्टमध्ये पुटपुटलो, तर तळमजला येईपर्यंत एक यादी आणि एक भांडण तयार होतं.

लॅपटॉप भाच्याने टाकून दिलेला. दहा इंची पडदा, १ जीबी रॅम, २००८च्या सुमाराचा ३२ बिटचा अ‍ॅटम प्रोसेसर. मला त्यावर फक्त मराठी लेख लिहायचे होते. संपादकांना एक कबूलही केला होता. पण लेखाआधी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कोणता अवतार घ्यायचा, हे ठरवणं आलं.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने जाहीर केलं की, आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, फार मोठं काही नाही. तेच लिनक्स. त्याचं पुढे काय झालं, हे पुण्यातल्या गणेश मंडळांचा इतिहास ठाऊक असलेल्याला सांगायला नको. १९९३ साली डेबियन स्थापन झालं. २००४ मध्ये त्यातून उबुंटू निघालं, २००६ मध्ये उबुंटूतून मिंट. मग मिंटवाल्यांनीच उबुंटूला वगळून थेट डेबियनवर बेतलेली आणखी एक आवृत्ती काढली. गणपती तोच, मांडव निराळा, आणि मानाचा कोण, यावर एकमत नाही.

बरं, हे सगळे डिस्ट्रो आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतात. आवडला तर ठेवा, नाहीतर पुढचा. फुकट आणि अमर्याद, या दोन गोष्टी एकत्र आल्या की मध्यमवर्गीय माणूस जेवायलाही उठत नाही.

माझ्या पडद्याची उंची ६०० पिक्सेल. हल्लीच्या खिडक्या त्याहून उंच. एका इन्स्टॉलरने माझं नाव, गाव, भाषा सगळं विचारून घेतलं आणि 'पुढे' हे बटण पडद्याच्या खाली, टेबलाच्या पातळीवर कुठेतरी ठेवलं. ऑल्ट दाबून धरायचं आणि खिडकी माउसने वर ओढायची, ही विद्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दिली. सोबत, 'एवढं बेसिक माहीत नाही?' हा आहेरही दिला.

मग पपी लिनक्स. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये आणलेलं हे इवलंसं प्रकरण सगळंच्या सगळं रॅममध्ये जाऊन बसतं. त्यामुळे वेग झकास. फक्त पहिल्यांदा सुरू झालं की ते भुंकतं. खरोखरच भुंकतं! मी रात्री साडेबाराला सुरू केलं. सोसायटीच्या गेटवरच्या मंडळींनी तत्काळ उत्तर दिलं, त्यांना पलीकडच्या गल्लीने. आई उठून आली आणि म्हणाली, "अरे, फ्लॅटमध्ये कुत्रं आणलंस, सेक्रेटरींना विचारलंस का?"

प्रत्येक डिस्ट्रोवर मी एक परीक्षा घ्यायचो. 'दऱ्याखोऱ्यांतल्या वाऱ्यावर बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या शेळ्या' एवढं टाइप करायचं आणि ऱ्य नीट उमटतो का बघायचं. कुठे रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेला लोहित फाँट असायचा, कुठे तो आणून बसवावा लागायचा. त्या सबंध काळात मी मराठी साहित्याला दिलेलं एवढंच. त्या शेळ्यांचं पुढे काय झालं, हे मलाही माहीत नाही.

पण टोचणी म्हणून नव्हती. रिचर्ड स्टॉलमन यांच्या व्याख्येत मुक्त सॉफ्टवेअरची चार स्वातंत्र्यं आहेत: वापरा, अभ्यासा, वाटा, सुधारा. पाचवं मला लागलं. काम न करण्याचं. नुसतं लोळत पडलं की घरचे बोलतात. माणूस भुवया आक्रसून काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बघत बसला की चहा जागेवर येतो. संपादकांचा फोन आला, 'पार्टिशन करतोय' म्हटलं, तर ते हळू आवाजात 'बरं बरं, घरचं निस्तरा आधी' म्हणाले.

दुर्दैवाने मांडव एकेक करून उठू लागले. उबुंटूने ३२ बिटची डेस्कटॉप आवृत्ती २०१७ मध्येच बंद केली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ने अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणंही थांबवलं. शेवटी हाती लागलं अँटीएक्स, जुन्या संगणकांसाठीच बनवलेलं. त्याचे ग्रीसमधले कर्ते 'अँटीकॅपिटलिस्टा' असं नाव लावतात आणि फॅसिझमला विरोध उघड मिरवतात. साने गुरुजींच्या नावाने रुग्णालय उभारणाऱ्या हडपसरात ते उपरं वाटायचं कारण नव्हतं. टाकलं, तर सगळंच चाललं. वायफाय सापडलं, बटणं पडद्यात मावली, ऱ्य पहिल्या फटक्यात उमटला. तक्रारीला जागाच ठेवली नाही मेल्यांनी.

आता लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तेवढ्यात सेटिंगमध्ये मराठी कीबोर्डची मांडणी दिसली. इन्स्क्रिप्ट शिकावं की फोनेटिकवर भागवावं, हे ठरल्याशिवाय जबाबदार लेखकाने लेखाला हात घालू नये. संपादकांना तसं कळवलं.

"हाताने लिहून पाठवा," ते म्हणाले.

"शाईपेनाने की बॉलपेनाने?" मी विचारलं.