दुबई, दुसऱ्यांदा

बऱ्याच वर्षांनी दुसऱ्यांदा दुबई करून आलेला शिरपूरकर लगेच ओळखू येतो. पहिल्या वारीनंतर तो बुर्ज खलिफाची ८२८ मीटर उंची घडाघडा सांगायचा; आता म्हणतो, "आते तठे मजा नही ऱ्हायनी, भाऊ. नुसती गर्दी!" त्या गर्दीत आपणही होतो, हे सोयीस्करपणे विसरतो. बॅगेत कळण्याचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी दोन्ही वेळा होती. देरा भागातल्या सोनेबाजारात भाव विचारायचा, मनातल्या मनात रुपये करायचे आणि "आपला सराफच बरा" म्हणत बाहेर पडायचं, हेही दोन्ही वेळा झालं.

खरं कौतुक कारंज्याचं. गाण्यावर नाचणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ झाडून साऱ्या भाऊबंदांना गेला. आणि हे त्या शहरात, जिथे प्यायचं पाणी समुद्राचं खारेपण काढून मिळवावं लागतं! इकडे तालुक्यात नाले रुंद-खोल करून, बिनदाराचे सिमेंट बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवलं. तो 'शिरपूर पॅटर्न' पाहायला बाहेरगावचे लोक गाड्या करून येतात. आमच्या प्रवाशाने तो अजून एकदाही पाहिलेला नाही. तिथे जायला व्हिसा लागत नाही, हीच अडचण असावी.