पाहुणा कुठल्या पंथाचा?

पूर्वी कुणाला जेवायला बोलवायचं तर दोनच गोष्टी विचाराव्या लागत: कांदा-लसूण चालतो ना, आणि उपास तर नाही ना? आता आमच्याकडे पाहुण्यांना फोन लावण्याआधी बायको वही-पेन घेऊन बसते. डाएटमुळे महाराष्ट्राचं वजन किती किलोंनी घटलं, त्याचा हिशेब ज्याचा त्याने ठेवावा. मराठी यजमान मात्र या भानगडीत पार रोडावला, हे मी छातीठोकपणे सांगतो.

मोठी फूट पडली ती २०१८च्या सुमारास. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित. कडकडून भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा: खाल्लं की इन्सुलिन स्रवतं, म्हणून सारखं तोंड चालवू नका. दुसऱ्या बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर: दर दोनेक तासांनी थोडं थोडं खा, तुपाला घाबरू नका, आजी जे खायची ते खा. दोघांनाही तुफान गर्दी. टिळक-आगरकर, लता-आशा यांच्यावरून एकमेकांची तोंडं न बघणाऱ्या आपल्या समाजाला बऱ्याच दिवसांनी तोलामोलाचा विषय मिळाला. सासू दीक्षितांची आणि सून दिवेकरांची, अशी घरं मी पाहिली आहेत. तिथे सासरा बाहेरच मिसळ खाऊन येतो.

मध्यंतरी एका रविवारी आमच्याकडे सगळे पंथ एकाच वेळी जमले. बेत पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी आणि कांद्याची भजी. आत्या दीक्षितवाली. पानावर बसल्याबरोबर तिने मोबाईलवर ५५ मिनिटांचा गजर लावला आणि म्हणाली, "अरे, आता माझ्याशी बोलू नकोस, वेळ जातो." त्या वेळेत तिने जे केलं, ते जवळून बघण्यासारखं होतं. चार पोळ्या, मधे भजी, मग आमटी-भात, वर ताक. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा मी वाढतोय की रिले शर्यतीत धावतोय, तेच कळेना. गजर वाजला आणि तोंडाशी आलेलं भजं तिने तसंच ताटात ठेवलं. बाणेदारपणा म्हणतात तो हा!

वहिनी दुसऱ्या पंथाच्या. त्यांनी वर सढळ तूप घेऊन अर्धी पोळी खाल्ली आणि हात धुतला. उरलेली अर्धी झाकून ठेवायला सांगितली. दुपारी आमचा डोळा लागतोय न लागतोय तोच उशाशी आवाज: "भावोजी, माझी अर्धी कुठं ठेवलीत?"

भाचा कीटोवर. पोळी नको, भात नको, बटाटा नको, डाळ आहे म्हणून आमटीही नको. शेवटी त्याने वाटीभर साजूक तूप घेतलं आणि आइस्क्रीम खावं तसं चमच्याने संपवलं. हा आहार १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फेफऱ्याच्या रुग्णांसाठी सुचवला गेला आणि आजही काही मुलांच्या फेफऱ्यावर तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. भाच्याला फेफरं नाही. त्याच्याकडे बघून त्याच्या आईला यायचं बाकी होतं.

दाजींचा पंथ पावलांचा. आमटी आणि भात यांच्या मधल्या वेळात ते उठून हॉलमध्ये फेऱ्या मारत होते, कारण मनगटावरच्या घड्याळाने खूण केली होती. दहा हजार झाल्याखेरीज झोपायचं नाही, असा त्यांचा नेम आहे. हा आकडा कुठल्या वेदात आहे म्हणून बघायला गेलो, तर टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्याच वर्षी, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले, इतकंच निघालं. अमेरिकेतल्या वयस्क बायकांच्या पाहणीत तर साडेसात हजारांच्या पुढे जास्तीचा लाभ दिसला नाही, असं २०१९ साली छापून आलं. दाजींना हे सांगितलं. ते म्हणाले, "मी बाई आहे का?" आणि भात न घेताच पुन्हा चालू लागले.

माझे वडील आग्रहात पटाईत होते. पाहुण्याने ताटावर आडवा हात धरला, तर ते बोटांच्या फटीतून जिलबी सोडत. आता हात आडवा येत नाही, मोबाईल येतो. त्यावर रक्तातल्या साखरेचा, एचबीए१सीचा रिपोर्ट असतो. लॅबच्या शिक्क्यापुढे आग्रह कसा करायचा?

बरं, या पंथांच्या मागे लागावं तर वर्तमानपत्रांची पुरवणी स्वतःच एका जागी ठरत नाही. अंड्याचा बलक वाईट म्हणून आमचे काका तो वर्षानुवर्षं मांजराला घालत आले. अमेरिकेच्या २०१५-२०२० सालांसाठीच्या आहार-सूचनांतून दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादाच निघून गेली. काका हळहळले, मांजर तुकतुकीत आहे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झालं आणि कोकणात गरिबाघरी भाजली जाणारी नाचणी चकचकीत डब्यातून बिस्किटं होऊन आमच्या घरी आली. कामाच्या मावशींना बायकोने कौतुकाने एक दिलं. त्यांनी चावून बघितलं आणि म्हणाल्या, "लहानपणी हीच खाऊन कंटाळलो ताई. आता रेशनचा गहू मिळतो."

तेव्हा यायचं जरूर, घर तुमचंच आहे. फक्त निघण्याआधी आपला पंथ, जेवणाची मिनिटं, शिल्लक पावलं आणि वर्ज्य पदार्थ व्हॉट्सअॅपवर कळवावेत. आणि ज्यांना काहीच कळवायचं नाही, त्यांनी जेवणाला थोडं आधीच यावं. पहिली पोळी तव्यावरून थेट त्यांच्या पानात पडेल.