कानावर आला आणि तिखट झाला

शास्त्रीय संगीतातलं मला बरंच कळतं, असा आमच्या ओळखीपाळखीत समज आहे. तो मीच मेहनतीने पसरवलाय. त्याला फार काही लागत नाही. सवाईला भारतीय बैठकीत पुढची जागा पकडायची, तानपुरे जुळत असताना डोळे मिटायचे आणि शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणायचं, "जवारी काय लागलीय!" घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती जवारी काढतात, एवढं मला वाचून माहीत. ती लागलीय की नाही हे कानाला कळायचं नाही, पण उलटतपासणी घेणारं कुणी भेटलं नव्हतं.

मग इअरफोनची डावी बाजू मेली आणि भाचा म्हणाला, "मामा, आता तुझ्या टेस्टला शोभेल असा हेडफोन घे." एवढं कौतुक झाल्यावर स्वस्तातलं काही घेणं शक्यच नव्हतं.

दुकानातल्या पोराने विचारलं, "काका, काय ऐकता?"

"ख्याल. कुमारजी, किशोरीताई. कधीमधी नाट्यसंगीत."

"म्हणजे बास नको."

"छे छे! अजिबात नको."

त्याने दोन हेडफोन काढले. एक बंद कपांचा, दणकट, बासवाला. दुसऱ्याच्या कपांना मागून जाळी आणि किंमत फ्रिजएवढी. पहिल्याची वायर माझ्या फोनला जोडून त्याने 'नुकतंच ऐकलेलं' उघडलं आणि सगळ्यात वरचं वाजवलं. निघालं 'झिंगाट'.

"हे भाच्याचं," मी म्हणालो. त्याखाली सुलोचना चव्हाणांच्या लावण्या ओळीने बसलेल्या. भाचा एकोणीस वर्षांचा आहे. पोराने समजूतदारपणे मान डोलावली. असे भाचेवाले त्याच्याकडे रोज येत असावेत.

ठेका असा काही छातीत बसला की माझा पाय काउंटरखाली आपसूक हलायला लागला. मी तो दुसऱ्या पायाने दाबून धरला आणि म्हणालो, "फार भडक आहे हो." मग जाळीवाला चढवला. त्याची वायर पोराने काउंटरवरच्या एका काळ्या डब्यातून नेली. कशाला, ते मी विचारलं नाही. जाणकार विचारत नसतात. "आहा! काय मोकळा आवाज! आणि वरच्या सुरांची ती चमक!" मी एवढं मोठ्याने बोललो की शेजारच्या काउंटरवरचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

दोन हेडफोनांपैकी ज्याचा आवाज जरा मोठा, तोच माणसाला चांगला वाटतो. हळू आवाजात कानाला विशेषतः खर्ज कमी ऐकू येतो, हे बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच आलेख काढून दाखवलंय. तुलना करायची तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा लागतो. पोराने त्या डब्याचं बटण किती फिरवलं, ते मला दिसलं नाही. मी तेव्हा डोळे मिटून रसिकता दाखवत होतो. थोडक्यात, पायाला पसंत पडलेला हेडफोन तिथेच राहिला आणि तोंडाने शिफारस केलेला घरी आला.

घरी तो फोनला लावला, तर किशोरीताई शेजारच्या बिल्डिंगमध्ये गात असाव्यात असं वाटलं. भाच्याने खोका वाचून सांगितलं की याचा अवरोध ३०० ओहम आहे, एवढं ओढायची ताकद फोनमध्ये नाही, अँप्लिफायर हवा. तो काळा डबा म्हणजे हाच होता तर! तोही आणला. "फ्रिज तर गेलाच, आता मिक्सरही गेला," बायको म्हणाली.

माझ्याकडे एका खासगी मैफलीची टेप आहे, कॉपीची कॉपी. पाहुण्यांना मी ती फक्त दाखवतो. तीच आधी लावली. जुन्या इअरफोनमध्ये हे ध्वनिमुद्रण थोडं मऊ, धुकट लागायचं, आणि तीच त्याची थोरवी असं मी सांगत असे. आता पडदा उठला. माइकच्या अगदी जवळ बसलेल्या कुणा गृहस्थाकडे अडकित्ता होता. कट्. मग चघळणं. मग विलंबित ख्यालाची सम जवळ आली की पुन्हा कट्. कपबशीत चमचा फिरला. पंख्याचं एक पातं कशाला तरी घासत होतं. गवई लांब कुठेतरी होते. टेप मोनो, म्हणजे दोन्ही कानांत तंतोतंत एकच आवाज, आणि असा आवाज हेडफोनमध्ये डोक्याच्या मध्यावर ऐकू येतो. त्यामुळे ती सुपारी पूर्ण तासभर माझ्या टाळूच्या आत कातरली जात होती. हेडफोन जितका उत्तम तितकी वाईट ध्वनिमुद्रणाची धडगत नाही, हे फ्रिजच्या किमतीत शिकलो.

एक मात्र खरं. अलीकडच्या एका स्वच्छ ध्वनिमुद्रणात नुसता तानपुरा लागला आणि खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार हळूच वर आला. स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच! इतकी वर्षं ज्याला दाद देत आलो, ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. अंगावर काटा आला. मग झोप लागली.

वरच्या सुरांच्या चमकेचं वर्णन भाच्यापुढे तरी करायला नको होतं. माणसाला २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण वरचा भाग वयाबरोबर ओसरत जातो. त्याने फोनवर एकेक शिट्टी वाजवायला सुरुवात केली. आठ हजारला मी बोट वर केलं. दहा हजारला उगीच केलं. मग बराच वेळ वाट पाहून म्हणालो, "अरे, लाव ना पुढची."

"मामा, मघापासून चालूच आहे. बारा हजार. आई आतून ओरडतेय, बंद कर म्हणून."

मी त्याला सांगितलं की गौहरजानने १९०२ मध्ये कर्ण्यात तोंड घालून गाणं दिलं, माइकवरचं ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमाराला आलं, आणि त्या तबकड्यांवर बारा हजार हर्ट्झ नव्हतेच. तो म्हणाला, "म्हणजे तुझे कान आणि त्या तबकड्या एकाच बॅचच्या."

तेव्हापासून रात्री जेवण झालं की मी हेडफोन चढवून बाल्कनीत बसतो. घरात सांगून ठेवलंय की मालकंसाचा अभ्यास चाललाय, हाका मारू नका. जाळीच्या कपांतून जितका आवाज कानात जातो, तितकाच बाहेरही जातो, ही माहिती खोक्यावर होती. खोका भाच्याने वाचला होता, मी नाही. परवा बायकोने खांद्याला हात लावला आणि मी दचकून एक कप बाजूला केला.

"अहो, मालकंसच ना? आवाज जरा वाढवा. स्वयंपाकघरात ढोलकी नीट ऐकू येत नाहीये."